उताऱ्यावरील प्रश्न

इस्लामपुरात कुणी नुसतं "उतारा पाहिजे होता" म्हटलं, तर समोरचा लगेच उत्तर देत नाही. आधी विचारणाऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. काखेत प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांची घडी असेल, तर त्याचं बोट तलाठी ऑफिसकडे वळतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि तोंडी ऊसदराची भाषा असेल, तर "यंदा कारखान्याचा बाराच्या आसपास बसंल" असं उत्तर येतं. कडेवर किरकिरणारं पोर असेल, तर "दहीभात घ्या, लिंबू घ्या, तिन्हीसांजेला तिकटीवर ठेवा आणि मागं वळून बघू नका" असा सगळा कार्यक्रमच हातात पडतो. आणि पाठीला दप्तर असेल, तर "आधी खालचं प्रश्न वाच, मग उतारा वाच" हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सल्ला मिळतो.

चार उतारे, चार गिऱ्हाइकं, आणि चुकामूक सहसा होत नाही. भाषेतला अर्थ नेमका राहतो कुठे, या प्रश्नावर भाषाशास्त्रज्ञांची जी झटापट गेली पन्नास वर्षं चालू आहे, तिचं मैदान कॅलिफोर्नियातलं बर्कली समजलं जातं. वाळवा तालुक्याचं ठाणं असलेल्या आमच्या इस्लामपूरचा त्यात कुणी उल्लेखही करत नाही. हे काही बरोबर नाही.

माझी पुतणी पुण्यात भाषाशास्त्र शिकते. सुट्टीला आली की चार नवे शब्द घरात टाकून जाते, आणि ती गेल्यावर आम्ही ते उलटेपालटे करून बघत बसतो. दिवाळीत एकदा म्हणाली, "शब्दाला एक अर्थ नसतो काका, अर्थांचं जाळं असतं." तिचे आजोबा, म्हणजे आमचे तात्या, फराळाच्या ताटावरून मान न उचलता म्हणाले, "मग मासं कुठं हाईत?" सगळे हसले, पण प्रश्न चोख होता. जाळं कबूल, त्यात गावतं काय?

तिच्या विषयाचं नाव कॉग्निटिव्ह लिंग्विस्टिक्स. मराठीत त्याला बोधात्मक भाषाविज्ञान म्हणतात, आणि हे नाव ऐकल्यावर बोध होण्याची शक्यता आणखी कमी होते. म्हणून सोपं करून सांगतो. जुनी समजूत अशी, की प्रत्येक शब्दाची एक व्याख्या असते; तीत बसलं ते आत, नाही बसलं ते बाहेर. या मंडळींचं म्हणणं, अर्थ व्याख्येत राहतच नाही. तो माणसाच्या अंगात राहतो, त्याच्या हातापायांत, त्याने पाहिलेल्या आणि सोसलेल्या गोष्टींत. शब्द ऐकला की ते सगळं जागं होतं, आणि त्यातलं प्रसंगाला लागेल तेवढं आपण उचलतो.

बर्कलीच्या क्लॉडिया ब्रुगमन या विद्यार्थिनीने १९८१ साली इंग्रजीतल्या 'ओव्हर' या चिमुकल्या शब्दावर अख्खा प्रबंध लिहिला. पुढे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफने १९८७ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात तो विषय घेऊन दाखवून दिलं, की या एका शब्दाचे ढीगभर अर्थ विस्कळीत पडलेले नाहीत. मधल्या एका अर्थापासून ते फांद्या फुटाव्यात तसे बाहेर गेलेले आहेत. 'ओव्हर'वर प्रबंध होतो, मग आमच्या उताऱ्याने काय पाप केलंय?

तेव्हा उतारा घेऊ. उतरणे म्हणजे वरून खाली येणे, हे थोरलं घर. माणूस घोड्यावरून उतरला की त्या गावी मुक्कामाला राहायचा, म्हणून "पाव्हणं कुठं उतरल्यात?" ही चौकशी आजही होते, पाव्हणं शिवशाहीतून आलेलं असलं तरी. पुढे जे जे चढतं ते ते उतरवायची पाळी येते. ताप चढतो, विष चढतं, दारू चढते. म्हणून विषावरचं औषध तो उतारा, आणि पोराच्या अंगावरून ओवाळून तिकटीवर ठेवलेला दहीभात तोही उतारा. या शाखेचा धंदा एकच, चढलेलं खाली काढणे. दुसरी शाखा निराळी. तिथे वरून खाली येते ती पीडा नसते, ऐवज असतो. सरकारच्या जाड दप्तरातून एका कागदावर उतरवून घेतलेली नोंद, तो सातबाराचा उतारा. पुस्तकातून प्रश्नपत्रिकेत उतरलेला मजकूर, तो शाळेतला उतारा. आणि टनभर ऊस गाळून जेवढी साखर पदरात पडते, तो साखर उतारा. एका शाखेत उतरलेलं टाकून यायचं आणि मागं बघायचं नाही. दुसरीत ते लॅमिनेट करून कपाटात ठेवायचं.

ही आपल्याकडची भावकीच आहे. मूळ वाडा एक, वाटण्या झालेल्या, प्रत्येकाची चूल निराळी. थोरल्याचं धाकट्याशी काही जुळत नाही, काहींचे तर चेहरेही जुळत नाहीत. पण आडनाव एक, आणि जरा मागं गेलं की सगळे त्याच वाड्याच्या दारात येतात. विट्‌गेनस्टाईन नावाच्या तत्त्ववेत्त्याने शब्दार्थांबद्दल बोलताना कुटुंबातल्या साधर्म्याची गोष्ट काढली होती. त्याला भावकी माहीत नव्हती, नाहीतर बांधाच्या भांडणाचाही उल्लेख केला असता.

'विमा उतरवणे' या प्रकाराने मात्र मी बराच काळ हैराण होतो. विमा चढलेला कधी असतो, की उतरवायचा? माझा तर्क असा, की इथे उतरतं ते डोक्यावरचं काळजीचं ओझं, आणि ते कंपनीच्या डोक्यावर जातं. पुतणी म्हणाली, तर्क बरा आहे पण पुरावा द्या. तात्यांचं मत विचाराल तर हप्ता भरताना ओझं उतरत नसतं, चेहरा उतरतो.

आता एक गंमत बघा. हंगामात वर्तमानपत्रात मथळा येतो, 'साखर उताऱ्यात वाढ'. नीट शब्दाला शब्द धरला तर खाली येणं वर गेलं! एकाही वाचकाला त्यात खटकत नाही, कारण त्यामागे पैसे आहेत. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली, आणि पुढे उतारा दशांश एक टक्क्याने वाढला की दर ३ रुपये ४६ पैशांनी वाढणार असं ठरलं. त्या ३ रुपये ४६ पैशांपुढे शब्दातला विरोधाभास कोण बघत बसतो?

जास्त ते वर आणि कमी ते खाली, ही जोडी लेकॉफच्या फार आवडीची. १९८० साली त्याने आणि मार्क जॉन्सन या तत्त्वज्ञाने मिळून रूपकांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात ती आहे. भाव चढतो, भाव उतरतो. पगार वर जातो, मार्क खाली येतात. पैशाला, मार्कांना काही उंची नसते. मग हे आलं कुठून? तर लहानपणापासून आपण बघतो, की धान्य ओतलं की ढीग वर जातो, पाणी ओतलं की घागरीत पातळी वर येते. ते बघणं अंगात मुरतं आणि पुढे जन्मभर भाव, ताप, माज सगळं त्याच शिडीने चढत-उतरत राहतं. हे कृष्णाकाठच्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीने ५७ फुटांची खूण ओलांडली. धोक्याची पातळी ४५ ची. तेव्हा अख्खा जिल्हा एकच आकडा विचारत होता, आणि 'पाण्याला उतार पडला' हे तीन शब्द ज्याने ऐकले त्याला उतार म्हणजे काय हे कुठल्याही कोशापेक्षा जास्त कळलं.

मात्र 'वर ते चांगलं' हा त्या पुस्तकातला दुसरा नियम आमच्याकडे लंगडतो. वर गेलेला माणूस आमच्यात फारसा कौतुकाचा नाही. तो चढेल असतो, डोक्यावर बसलेला असतो, हवेत असतो. किंवा मग 'वर गेला' म्हणजे त्याचा दहावाच असतो.

वर-खालीच्या खालोखाल मराठी माणसाचा अर्थ कुठे मुक्कामाला असेल, तर पोटात. जॉन्सनने १९८७ साली 'द बॉडी इन द माइंड' या पुस्तकात असं मांडलं, की आपलं शरीर हेच आपलं पहिलं भांडं. आत काय, बाहेर काय, हे आपण शरीरावरून शिकतो आणि मग कायद्याला, राज्याला, तर्कालाही तेच लावतो. इंग्रजीत हे पटवून द्यायला त्याला पानंच्या पानं लागली. मराठीत एक सातबारा पुरला असता. त्यात एक रकाना असतो पोटखराब्याचा. सातबारा प्रथमच बघणाऱ्या शहरी जावयाने "मामांची तब्येत बरी नाही का?" असं विचारल्याचं आमच्याकडे सांगतात, खरं-खोटं देव जाणे. पोटखराबा म्हणजे आपल्याच रानाच्या पोटातली, पण लागवडीला न येणारी जमीन. मग या पोटातून काय काय निघतं बघा. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू, पोटचारी, पोटहिस्सा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे पोटनिवडणूक. मोठ्या निवडणुकीच्या पोटातली छोटी निवडणूक, आणि ती लागली की कितीतरी जणांच्या पोटात गोळा येतो.

जिथे पोट तिथे खाणं आलंच. मराठी माणूस काय काय खातो याची यादी केली तर आहारतज्ज्ञ चक्कर खातील. आम्ही मार खातो, शिव्या खातो, बोलणी खातो, हेलपाटे खातो, गटांगळ्या खातो, कच खातो, भाव खातो, पैसे खातो, दुसऱ्याचं डोकं खातो आणि निवडणुकीत माती खातो. हवा खातो, ती एकच त्यातली पथ्याची.

यावर खरोखर संशोधन झालेलं आहे, आणि करणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, याचा मला या पोटभर यादीपेक्षा जास्त आनंद झाला. प्रशांत परदेशी हे जपानमध्ये काम करणारे भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी पीटर हुक या अमेरिकी अभ्यासकाबरोबर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर आशियाई भाषांतल्या खाण्याच्या वाक्प्रचारांचा माग काढला. २००६ साली 'गेंगो केंक्यू' या जपानी नियतकालिकात तो निबंध आला, आणि २००९ साली खाण्यापिण्याच्या भाषेवरच्या एका ग्रंथात हुक आणि परदेशी यांचा दुसरा. नकाशावर बघावं तर हे खाणं केवळ मराठीचं नाही. फारसीत पडलेला माणूस जमीन खातो. कोरियनमध्ये माणूस वय खातो, भीती खातो, शिव्याही खातो. चिनी माणूस व्हिनेगर खाल्लं म्हणाला तर त्याच्या पोटात मत्सर दुखतोय असं समजावं. शेजारी-शेजारी राहून भाषा एकमेकींच्या ताटातलं उचलत आल्या आहेत.

यात विचार करण्यासारखं एक आहे. मार खाणारा बिचारा असतो, पैसे खाणारा बेरकी असतो. मग दोघांना एकच क्रियापद कसं? कारण खाणं हे असं काम आहे, की ते जो करतो त्याच्याच शरीरात त्याचा परिणाम जातो. लाकूड तोडलं तर लाकूड तुटतं, तोडणारा तसाच राहतो. खाल्लं की खाणारा पहिल्यासारखा राहत नाही. मार अंगावर उठतो, पैसे अंगी लागतात. व्याकरणात हे कर्ता-कर्माच्या भाषेत सांगता येईल, पण गावात ते कुणालाही न सांगता कळलेलं असतं.

दिशांचंही असंच. शहरात डावं-उजवं चालतं. आमच्या शिवारात उगवतीचा बांध, मावळतीची विहीर, वरल्या अंगाचं रान आणि खालल्या अंगाचा ओढा. पुतणीने मोबाईलवर नकाशा उघडून तात्यांना सांगितलं, "आता राइट घ्यायचा." तात्यांनी विचारलं, "कुणाचा?" या प्रश्नाला नकाशाकडे उत्तर नव्हतं. उजवं हे ज्याचं त्याचं असतं, मावळत सगळ्यांची एक. स्टीफन लेव्हिन्सन आणि पेनेलोपी ब्राउन या अभ्यासकांनी मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषेच्या लोकांबद्दल लिहिलंय, की ती डोंगरउतारावरची माणसं दक्षिणेला चढाकडं आणि उत्तरेला उताराकडं म्हणतात. टेबलावरची बाटलीसुद्धा खुर्चीच्या चढाकडं असते. ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिथिर बोलणाऱ्यांना तर पायाजवळची मुंगीही दिशेने सांगावी लागते. ही माणसं आमच्या बांधावर आली असती तर भाषा नाही कळली तरी पत्ता कळला असता.

आता कारखान्याकडे जाऊ. इथे 'कारखाना' म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे पंख्यांचा, औषधांचा किंवा सूतगिरणीचा कारखाना येत नाही. साखराळ्याचा येईल, वाळव्याचा हुतात्मा येईल, पण येईल तो साखरेचाच. बाकीच्या कारखान्यांना कंपनी म्हणतात. एलिनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात हेच प्रयोगांनी दाखवलं. एखाद्या वर्गातले सगळे सदस्य सारखे नसतात. काही अगदी मधोमध बसलेले, काही दारात उभे. अमेरिकी विद्यार्थ्यांना पक्षी म्हटल्यावर रॉबिन आठवला. कोंबडी आणि पेंग्विन दारात राहिले. हा प्रयोग आमच्या भागातल्या पोल्ट्रीवाल्यावर करून बघावा. "किती पक्षी हाईत?" "पाच हजार." त्याच्या शेडमध्ये मधोमध कोंबडीच बसलीय, आणि चिमणी ही खाद्य चोरणारी एक उपद्रवी वस्तू आहे. शास्त्र दोन्हीकडे बरोबर. फक्त मधोमध कोण बसणार हे ज्याच्या त्याच्या पोटापाण्यावर ठरतं.

चार्ल्स फिलमोर हे भाषाशास्त्रज्ञही बर्कलीचेच. त्यांचं म्हणणं, एखादा शब्द कळायला त्याच्यामागचा सगळा व्यवहार ठाऊक असावा लागतो. विकणे कळायला घेणारा, देणारा, माल, पैसा हे चौघे आधी डोक्यात उभे हवेत. आमचं उदाहरण याहून वजनदार आहे. हिवाळ्यात दोन शेतकरी भेटले की पहिला विचारतो, "तोड आली का?" शब्द तीन. पण ते कळायला काय काय माहीत हवं? जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, सुरू जानेवारी-फेब्रुवारीचा, आणि तुटल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. नोंद कुठल्या तारखेची आहे, पाळी कधी लागणार, चिटबॉय आपला की पलीकडच्या गटाचा, टोळी बीडकडची आली की उचल घेऊन परस्पर दुसरीकडं गेली, उसाला तुरा आला तर वजन किती घटणार, पाणी कधी तोडायचं. यातलं काहीही वाक्यात नाही. "आली" किंवा "अजून न्हाय" एवढंच उत्तर येतं, आणि त्या "न्हाय"मध्ये वर्षभराचं गणित, सोसायटीचं कर्ज आणि पोरीच्या लग्नाची तारीख असते. मुंबईच्या माणसाला याच वाक्यात झाड तोडायला कुणीतरी आलंय, एवढंच ऐकू येईल. दोघांनाही मराठी उत्तम येतं.

लेकॉफ आणि जॉन्सनच्या पुस्तकात आणखी एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्रजीत वादविवाद हे युद्ध असतं. मुद्द्यांवर हल्ला चढवतात, बाजू लढवतात. मग ते वाचकाला म्हणतात, की अशी संस्कृती कल्पून बघा जिथे वाद हा नाच असेल. कल्पना करायला इतक्या लांब कशाला जायचं? आमच्याकडे वाद पेटतो, चिघळतो, लोक तो उकरून काढतात. पण रंगात आला की 'त्यांची जुंपली' म्हणतात. जुंपणं हा शब्द बैलांचा. भांडणारे दोघे एकाच जुवाखाली मान देऊन उभे, आता एकमेकांना सोडून कुठं जाता येत नाही आणि गाडी तर ओढायलाच पाहिजे. बांधावरून चाळीस-चाळीस वर्षं दावा चालवणाऱ्या सख्ख्या भावांना पाहिलं की बर्कलीच्या युद्धापेक्षा हे जू मला जास्त खरं वाटतं.

हे वाचून कुणीतरी म्हणेल, यात नवीन काय, आपल्या शास्त्रकारांनी हजार वर्षांपूर्वी हे सांगून ठेवलंय. शब्दशक्ती तीन, अभिधा, लक्षणा, व्यंजना. शाळेच्या व्याकरणातही असतात. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणा सविस्तर मांडली. गंगेवर गवळीवाडा आहे म्हटलं, तर वाडा पाण्यावर तरंगत नाही, काठावर असतो, हे त्या परंपरेतलं ठरलेलं उदाहरण. आमच्या बहे गावाबद्दल 'ते कृष्णेवर आहे' म्हणतात ते याच चालीने. पण अभिमानाने छाती फुगवण्याआधी एक फरक बघावा. लक्षणेची पहिली अट अशी, की सरळ अर्थ अडायला हवा. प्रवाहावर वाडा असणार कसा, असं मनात आलं की मग काठाचा अर्थ निघतो. लेकॉफ म्हणतो, माणूस अडतच नाही. 'भाव चढला' ऐकल्यावर कुणीही आधी भावाला जिन्यावर बघून चमकत नाही. रूपक हा सरळ अर्थ फसल्यावरचा उपाय नसून विचार करायची रोजचीच रीत आहे. शास्त्रकारांनी रूढीने घट्ट झालेली लक्षणा वेगळी काढली होती, ती या म्हणण्याच्या अगदी जवळ जाते. तरी दोन्ही एकच आहेत असं म्हणणं म्हणजे मम्मटाचंही आणि लेकॉफचंही न वाचता कौतुक करणं आहे. मला विचाराल तर या मुद्द्यावर लेकॉफ जास्त बरोबर, आणि बारकाव्यात मम्मट पुढे.

शब्दांचं झालं, आता गावाच्या नावाचं बघू. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर ज्यांना बोलायचं ते बोलतात, मी अर्थापुरतं बोलतो. या गावाचं नाव घेताना बोरगावच्या किंवा कामेरीच्या माणसाच्या मनात ना धर्म यायचा ना देव. त्याच्या मनात एसटी स्टँड यायचा, तहसीलचा जिना यायचा, दवाखाना यायचा, पोराचं कॉलेज यायचं. नावाचा कोशातला अर्थ एक आणि नावाने जागं होणारं जग दुसरं. ते जग नव्या पाटीवरही हळूहळू चढेल, आणि जुन्या माणसांच्या तोंडातून जुनं नावही लगेच उतरणार नाही. शिवाय नगरपालिकेच्या नावात सुरुवातीला उरुण होतंच. तिथलं म्हातारं माणूस आजही स्वतःला उरुणकर म्हणवतं आणि बाकीच्या वादाकडे जरा तिऱ्हाइतासारखं बघतं.

मराठीत अर्थविचार लिहिणारे थोर लोक झाले. अशोक केळकरांच्या 'रुजुवात'ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण विद्यापीठात हा विषय शिकायला गेलेलं आमच्याकडचं पोर अजूनही पहिल्या तासाला रॉबिन पक्ष्यापाशी अडतं, कारण त्याने तो पाहिलेला नाही. मोट गेली तसे तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, थारोळं हे शब्द गेले. आता तोडणी यंत्रं फडात उतरली आहेत, टोळ्या कमी होतील, आणि 'मोळी', 'वाढं', 'कोयता' यांच्यामागचं जगही त्याच वाटेने जाईल. कोशात शब्द राहतील. त्यांनी काय जागं व्हायचं, ते सांगणारी माणसं राहणार नाहीत. म्हणून शिवाजी विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे, की प्रबंधाला विषय सापडत नसेल तर एक हंगाम इकडे काढा. गाळप नोव्हेंबरच्या सुमाराला सुरू होतं आणि मार्चपर्यंत चालतं. वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग असते आणि रांगेतल्या माणसांना बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं. येताना वही आणा; चहाचे पैसे तुम्हाला कुणी देऊ देणार नाही.